टाकीची जुळी बहीण

मी नेमकं काय काम करते हे माझ्या नातेवाइकांना आजवर कळलेलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. ‘औषधाच्या कंपनीत आहे’ एवढं सांगितलं की लोक डोकेदुखीची गोळी मागतात. मी म्हणते, आम्ही गोळ्या करत नाही. इंजेक्शनात जातं ते एक प्रथिन करतो. मोठ्या टाकीत जिवाणू वाढवायचे, त्यांना साखर खाऊ घालायची आणि त्यांच्याकडून ते प्रथिन करून घ्यायचं. हे सगळं ऐकून घनसावंगीकडची माझी आत्या एकदा म्हणाली, “म्हंजी दह्याचाच धंदा की!” तेव्हा मी चिडले होते. नंतर विचार केला, तर आत्याचं फारसं चुकलं नव्हतं.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बाजूला सळयांचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूला बियाण्यांची गोदामं, त्यांच्या मधोमध आमची पांढरी इमारत आहे. पांढरी म्हणजे रंग दिल्यावर महिनाभर. सळईवाल्यांची काजळी भिंतीवर बसली की ती बाकी जालन्याच्या रंगाची होते. आत मात्र टोपी, ॲप्रन, बुटांवर पिशव्या आणि शिंकायचीही चोरी.

माझी नोकरी मुख्यतः एका काचेतून बघण्याची. आमच्या टाकीला एक गोल, जाड काच आहे. टाकीत हवा सोडली की फेस येतो. फेस फार चढला तर वरच्या गाळणीत जातो आणि सगळी बॅच नासते. म्हणून दर अर्ध्या तासानं काचेला डोळा लावायचा, शेजारच्या पट्टीवर फेस किती सेंटीमीटर चढलाय ते वाचायचं आणि लिहायचं. तापमान वगैरे यंत्र स्वतःच टिपतं. फेस तेवढा माणसाच्या डोळ्यांवर सोडलेला. पंचवीसच्या वर गेला तर फेस मारायचं औषध सोडायचं. आत असेल तर नुसतं लिहायचं आणि पुढच्या अर्ध्या तासाची वाट बघायची.

हे लिहिणं ज्यात व्हायचं त्याला आम्ही ‘बाड’ म्हणायचो. प्रत्येक बॅचचं एक बाड. त्याचे नियम कडक. पेन निळंच हवं, आकडा गिरवायचा नाही, चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही, तारीख, कारण. ज्याच्या बाडात रेघा जास्त, त्याला क्वालिटीच्या मॅडम बोलावून घ्यायच्या. ज्याच्या बाडात रेघच नाही, त्याला वर्षाच्या शेवटी ‘उत्कृष्ट नोंदी’ हे बक्षीस. ते मला लागोपाठ दोन वर्षं मिळालं. पहिल्या वर्षी प्रशस्तिपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ, दुसऱ्या वर्षी प्रशस्तिपत्र आणि आणखी एक भिंतीवरचं घड्याळ. दोन्ही घड्याळांत कधी एक वेळ दिसली नाही. शिवाय माझ्या बाडातलं एक पान लॅमिनेट करून कपडे बदलायच्या खोलीत नमुना म्हणून लावलं होतं. नव्या माणसाला आधी त्या पानासमोर उभं करायचे.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. धर्मांतर केलेल्या आमच्या वस्तीतले पहिले शिक्षक. त्यांनी मला पहिलीपासून दोन वह्या दिल्या, एक कच्ची, एक पक्की. कच्चीत काय हवा तो गोंधळ घाला, पक्कीत तेच सुंदर अक्षरात उतरवा. “आपल्या लेकराच्या वहीवर लोकांची नजर जरा जास्तच राहते,” ते म्हणायचे, “कुणाला नाव ठेवायला जागा द्यायची न्हाई.” मी कधीच दिली नाही. सुंदर हस्ताक्षराचं तालुक्याचं बक्षीसही आणलं. हे सगळं अभिमानानं सांगतेय, पण पुढं लाज वाटणार आहे, ते आधीच सांगून ठेवते.

कंपनीत आल्यावरही मी कच्ची वही सोडली नाही. ॲप्रनच्या खिशात बियाणं कंपनीची फुकट मिळणारी डायरी ठेवायची, मुखपृष्ठावर कापसाचं टपोरं बोंड असलेली. अशी डायरी आत नेणं नियमात बसत नव्हतं. पण सवयीला नियम कुठं कळतात? काचेतून बघून आकडा आधी डायरीत टिपायचा, आणि पाळी संपता संपता सगळे आकडे बाडात निगुतीनं उतरवायचे. डायरीत नऊ, चौदा, अकरा, सतरा, आठ असं काहीबाही असायचं. पक्कं उतरवताना मला ते बघवायचं नाही. मग मी नऊ, दहा, अकरा, बारा अशी छान चढण करायची. सगळे आकडे पंचवीसच्या आतले, औषधाला धक्का नाही, साहेबाला बरं दिसतं, मग कुणाचं काय गेलं? आपण खोटं लिहितोय असं मला एकदाही वाटलं नाही, शपथेवर सांगते. मला वाटायचं, मी शुद्धलेखन करतेय.

भिंतीवरचं पान बघून बाकीच्यांचंही शुद्धलेखन सुधारलं. सुधारलं नाही ते फक्त मामांचं.

मामा म्हणजे टाकीवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर. अंकुशनगरचे. आमच्याकडे येण्याआधी त्यांची अर्धी नोकरी तिथल्या साखर कारखान्यात मळीच्या टाक्यांवर गेलेली. मळी आंबवायची म्हणजे फेसाशी रोजची कुस्ती, त्यामुळे फेस हा त्यांचा जुना सोबती. त्यांचं बाड म्हणजे नांगरलेलं रान. दर पानावर दोन-तीन आडव्या रेघा, आणि कारणं तर विचारूच नका. ‘काचेवर वाफ होती, पुसून पुन्हा बघितलं.’ ‘आधी चष्मा नव्हता.’ एकदा तर लिहिलं होतं, ‘आधी नीट बघितलं नव्हतं. आता बघितलं.’ मॅडमनी त्यांना बोलावून विचारलं, हे काय कारण झालं? मामा म्हणाले, “मंग दुसरं काय लिहू? झालं तसंच लिहिलं.”

माझ्या लॅमिनेट केलेल्या पानासमोर ते एकदाच थांबले होते. चष्मा कपाळावर सारून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मला म्हणाले, “अगं माय, फेस काय शाळंत गेल्ता का? एकेक पायरी कसा चढून राह्यला गुमान!” मी फणकाऱ्यानं म्हटलं, “मामा, तुमच्या पाळीत माजतो, माझ्या पाळीत वळणावर राहतो.” ते हसले आणि टोपी घालून आत गेले. तो टोमणा मला लागायला पुढं दोन वर्षं लागली.

मग सॉफ्टवेअर आलं. बाडं बंद, पेन बंद, प्रत्येकाच्या हातात टॅबलेट. आकडा लिहिला की वेळ आपोआप पडणार, त्यामुळे पाळी संपताना एकदम उतरवायची सोय गेली. आत शिरताना अंगठा लावायचा, तरच टॅबलेट उघडणार. बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला होता. पोरगेलासा, अतिशय नम्र, आणि आमच्या चहाला ‘पाक’ म्हणणारा. त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं, “आता कुणाला शेकडो पानं तपासायला नकोत. सगळं ठीक असेल ते सॉफ्टवेअर सोडून देईल. वेगळं घडलं तेवढंच लाल दाखवेल.” आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आमच्या टाकीची एक जुळी बहीण राहणार होती. खऱ्या टाकीत पुढच्या तासाला काय होणार हे ती आधीच सांगणार. फेस चढण्याआधीच औषध सोडायला सांगेल, बॅच नासणारच नाही. त्यासाठी तिला आमची जुनी बाडं खाऊ घालायची. ती वाचून ती टाकीचा स्वभाव शिकणार.

“स्वभाव शिकायला बाड कामून वाचती?” मामांनी विचारलं. “टाकीपाशी येऊन बस म्हणावं आठ दिस.”

पहिलं भांडण अंगठ्याचं झालं. दिवाळीनंतरचे दिवस, कापसाची वेचणी ऐन भरात. आमचे अर्धे लोक सुट्टीच्या दिवशी घरच्या रानात कापूस वेचतात, आणि वाळल्या बोंडांची टोकं बोटं ओरबाडून काढतात. दर सोमवारी सकाळी टॅबलेट एकालाही ओळखेना. इंजिनिअरनं तीन आठवडे वायर तपासली, सर्व्हर तपासला, आणि मला काळजीनं विचारलं, “मॅडम, फक्त सोमवारीच का होत असेल?” मी त्याला मामांचा अंगठा दाखवला. त्यानं तो हातात घेऊन बघितला आणि गुपचूप सगळ्यांना पासवर्ड दिले. तेव्हापासून मला तो पोरगा आवडायला लागला.

याच सुमारास मॅडमनी यादी करायला घेतली. नव्या पद्धतीत टाकीवर माणसं कमी लागणार होती. ज्यांच्या नोंदी भरवशाच्या नाहीत त्यांना पॅकिंगला पाठवायचं ठरलं. पॅकिंग वाईट नाही, पण तिथं खोकी आणि लेबलं, जिवंत काही नाही. यादीत पहिलं नाव कुणाचं असणार हे सगळ्यांना माहीत होतं. मामांच्या निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं.

कंपनीच्या बसमधून अंबड चौफुलीला उतरताना मी त्यांना विचारलं, “मामा, पॅकिंगला टाकलं तर?” ते नेहमीसारखे थट्टेवर नेतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, “सारी उमर टाकीपाशी गेली, माय. आखरी दिस बी टाकीपाशीच जावा. खोके मोजून घरी जायचं माझ्या जीवावर येतं.” एवढं बोलून ते त्यांच्या बसकडे गेले. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्यात थोडं असंही होतं की मामांनी जरा नीट लिहिलं असतं तर ही वेळ आली नसती.

जुळी बहीण शिकून तयार झाली आणि चाचणी सुरू झाली. टॅबलेटवर फेसाचा आकडा लिहायच्या चौकटीशेजारी फिकट अक्षरांत तिचा अंदाज दिसायचा. अकरा. बारा. तेरा. मी काचेतून बघायची, साधारण त्याच्या आसपास दिसलं की तोच आकडा दाबायची. इतकी सोय मला आयुष्यात मिळाली नव्हती. पक्की वही आता सॉफ्टवेअरच लिहून देत होतं, मी फक्त गिरवत होते. मामा मात्र चौकटीकडे बघायचेही नाहीत. बहीण म्हणायची बारा, मामा लिहायचे सतरा. टॅबलेट लाल व्हायचा आणि खाली वाक्य यायचं, ‘नोंद करणाऱ्याची चूक संभवते.’ मामा चष्मा लावून ते वाचायचे, कारणात लिहायचे, ‘संभवत नाही,’ आणि पुढं जायचे.

मग एका दुपारी मीटिंग झाली. इंजिनिअरनं पडद्यावर गेल्या काही वर्षांच्या फेसाच्या आलेखाच्या रेघा दाखवल्या. सगळ्या ऑपरेटरांच्या रेघा हातात हात घालून टेकडी चढत होत्या, आणि एकच रेघ वर-खाली उड्या मारत होती. “हा एक ऑपरेटर सोडला तर बाकी डेटा एकदम स्वच्छ आहे,” तो म्हणाला. “याच्या नोंदी काढून टाकल्या की मॉडेल, म्हणजे आपली जुळी बहीण, आणखी झकास बसेल. आणि या मॅडमच्या नोंदी तर बघा, मॉडेलशी तंतोतंत जुळतात. मॉडेल जणू यांनाच ओळखतं!”

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी हसण्यासाठी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

ओळखणारच. माझीच बाडं खाऊन ती मोठी झाली होती. माझी, आणि माझं पान बघून लिहिणाऱ्यांची. ती टाकीची जुळी बहीण नव्हतीच, ती माझी होती. तिनं त्या काचेतून कधी बघितलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत बघून न बघितल्यासारखं मीही केलं होतं.

क्वालिटीच्या मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं आणि मामांना विचारलं, “मामा, तुम्हाला काही म्हणायचंय? पाच जण एक सांगतात आणि तुम्ही वेगळं.”

मामा उठले. म्हणाले, “मला इचारू नका, टाकीला इचारा.” आणि बसले. मॅडम म्हणाल्या, सोमवारपासून पॅकिंग.

मी गप्प बसले, हे लिहिताना आजही कान तापतात. माझ्या तोंडाची कंपनीत ख्याती आहे. कँटीनची भाजी खारट झाली तर मी आचाऱ्याला हाक मारून सुनावते. आणि त्या दुपारी जिथं बोलायचं तिथं दातखीळ बसली. बक्षिसं आठवली, ती दोन घड्याळं आठवली, भिंतीवरचं पान आठवलं. आमच्या वस्तीतल्या मुलीच्या पानावर इतक्या वर्षांत कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता मीच ठेवायचं?

घरी येऊन वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पक्की वही मीच लावली तुला. पण पक्कीत अक्षर सुधारायचं असतं, पोरी. उत्तर न्हाई.” आणि विचारलं, “कच्च्या वह्या हायत का?”

होत्या. मी कच्ची वही कधी फेकत नाही, तीही त्यांचीच शिकवण. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या टेबलावर बोंडांच्या चित्रांच्या सात डायऱ्या ठेवल्या. इंजिनिअरलाही बोलावलं. म्हटलं, “हे माझे आकडे. बाडातले नव्हेत, काचेतले.” त्यानं एका डायरीतली दोन बॅचची पानं कॉम्प्युटरमध्ये भरली. पडद्यावर माझी नवी रेघ उमटली आणि ती वर-खाली उड्या मारायला लागली. त्यानं तिच्यावर मामांची रेघ ठेवली. दोघी एका वेळी उसळत होत्या, एका वेळी बसत होत्या. उडी कधी येते तेही लगेच दिसलं. साखर घातल्यावर थोड्या वेळानं, दर वेळी.

“हे तर मामांसारखंच आहे,” इंजिनिअर हळूच म्हणाला. “मग स्वच्छ होतं ते...”

“ते शुद्धलेखन होतं,” मी म्हटलं.

मॅडम डायऱ्या उलटत राहिल्या. त्यांनी विचारलं, “याचा परिणाम काय होईल माहीत आहे ना तुम्हाला?” मला माहीत होतं. रडू येत होतं म्हणून मी चढ्या आवाजात बोलले, “परिणाम माझा करा, मॅडम. मामांना टाकीपाशी ठेवा. त्या टाकीबद्दल या इमारतीत खरं लिहिणारा तेवढा एकच माणूस आहे.”

चौकशी झाली. जुन्या बॅचची यंत्रानं टिपलेली बाकी माहिती पुन्हा तपासली, औषधात काही खोट निघाली नाही, तेव्हा मी इतक्या दिवसांनी पोटभर जेवले. भिंतीवरचं पान निघालं, तिथं चौकोनी डाग राहिला. बाकीच्यांना समज देऊन पुन्हा शिकवणी लावली. टॅबलेटवरचा तो फिकट अंदाज बंद झाला, तो आता फक्त इंजिनिअरच्या कॉम्प्युटरवर दिसणार होता. जुळ्या बहिणीला उपाशी ठेवून नव्यानं शिकवायचं ठरलं, या वेळी मामांची बाडं आणि माझ्या डायऱ्या वाचून. आणि चौकशी संपल्यावरच्या सोमवारी मामांऐवजी पॅकिंगला मी गेले.

वर्षभर मी खोकी मोजली. दुपारी कँटीनमध्ये मामा माझ्या समोर बसून टाकीची खबर द्यायचे, माहेरची द्यावी तशी. इंजिनिअर खरंच आठ दिवस टाकीपाशी बसला होता म्हणे. “बराबर शिकून राह्यलं पोरगं,” मामा म्हणाले. “आन् ती बहीण बी सुधरली. काल मला म्हन्ली, साखर घातली, आता सतरा होईल. झालं बी सतरा. म्या तिला म्हन्लं, शाब्बास.” मी विचारलं, “ती ऐकते?” मामा म्हणाले, “तुझ्यापरीस जास्त.”

मला परत टाकीवर घेतलं तेव्हा पुन्हा कापसाची वेचणी चालू होती आणि मामांचा शेवटचा महिना होता. पहिल्या दिवशी तपासणारा म्हणून त्यांनाच माझ्याबरोबर दिलं. मी काचेला डोळा लावला. फेस सोळावर होता, अगदी स्पष्ट. टॅबलेट हातात घेतला. आधीची नोंद अकरा होती. आणि माझ्या बोटानं, माझ्या देखत, बारा दाबलं.

मी बघतच राहिले. वर्षभर शिक्षा भोगून आलेली बाई, आणि पहिलाच आकडा खोटा. आकडा बदलला तर टॅबलेट कारण विचारतो, आणि ते कारण तो कधी विसरत नाही, पुढं कुणीही उघडून बघू शकतं. माझ्या डोक्यात भराभर कारणं यायला लागली. काचेवर वाफ होती. हातमोजा सरकला. सगळी सुबक, पक्क्या वहीतली. मामा शेजारीच उभे होते. मी बारा खोडून सोळा केलं आणि कारणाच्या चौकटीत एकच शब्द लिहिला. ‘सवय.’

तपासणाऱ्याची मंजुरी लागते. मामांनी टॅबलेट घेतला, चष्मा लावला, तो शब्द दोनदा वाचला. पासवर्ड असूनही ते हातमोजा काढून हट्टानं अंगठाच लावायचे. वेचणीनं सोललेला अंगठा दोनदा नाकारला गेला, तिसऱ्यांदा हिरवा झाला.

“झालं,” ते म्हणाले. “आता तुझं बी पान घाण झालं, माय.” आणि माझ्या डोक्यावरची तिरकी टोपी नीट करून बाजूला सरकले.

अर्ध्या तासानं फेस नऊवर आला. मी नऊ लिहिलं.